आज तू कोण म्हणून उतरणार आहेस?

प्रिय वैमानिका,

तुझ्या पत्रातला प्रश्न एकच आहे: लायसन्स आहे, मेडिकल (वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र) आहे, मग व्हिसाचा एवढा बाऊ कशाला? थोडं सविस्तर लिहितो, कारण उत्तम उडवणारी मुलं नेमकी इथे अडकलेली मी पाहिली आहेत.

लायसन्सने कॉकपिटचं दार उघडतं, देशाचं नाही. आणि तेही कुठल्याही विमानाचं नाही. 1944 च्या शिकागो कराराप्रमाणे विमान ज्या देशात नोंदलेलं असेल, त्या देशाने तुझं लायसन्स दिलेलं किंवा ग्राह्य धरलेलं असावं लागतं. इमिग्रेशनच्या खिडकीवरचा प्रश्न त्याहून वेगळा असतो: तू इथे कोण म्हणून आला आहेस? विद्यार्थी, क्रू, नोकरदार की पाहुणा? उत्तर बदललं की कागद बदलतात, माणूस तोच असला तरी.

क्रू म्हणून ड्यूटीवर असताना बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, पायलट लायसन्स किंवा क्रू मेंबर सर्टिफिकेटवर विमानतळाच्या गावात जाता येतं, पण त्यापलीकडे मनसोक्त फिरण्याची ती परवानगी नव्हे. ब्रिटनमध्ये क्रू म्हणून आलेल्याला सात दिवसांच्या आत क्रू म्हणूनच परत निघावं लागतं. अमेरिका मात्र क्रूकडूनही व्हिसा मागते. ज्या देशांच्या नागरिकांना तिथे पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, त्यांनाही ड्यूटीवर जाताना डी व्हिसा, म्हणजे क्रू व्हिसा, घ्यावा लागतो, आणि त्यावर एका वेळी फार तर 29 दिवस राहता येतं. माझा एक सहकारी याच क्रू व्हिसावर सुट्टीला निघाला होता. चेक-इन काउंटरवरूनच त्याला परत फिरावं लागलं, आणि मुलीचा पदवीदान समारंभ हुकला. त्या संध्याकाळचा त्याचा चेहरा अजून आठवतो.

तू आधी शिकायला जाणार आहेस, म्हणून हे नीट वाच. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर फ्लाइंग कोर्स करता येत नाही. एम-1 किंवा एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा लागतो, शिवाय प्रशिक्षणाआधी तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची, म्हणजे टीएसएची मंजुरी घ्यावी लागते; त्यासाठी बोटांचे ठसेही द्यावे लागतात. कोर्स संपल्यावर तिथेच इन्स्ट्रक्टर होऊन उड्डाणाचे तास जमवायचा तुझा बेत दिसतो. एम-1 वर शिक्षणाच्या दर चार महिन्यांमागे एक महिना, आणि जास्तीत जास्त सहाच महिने, प्रॅक्टिकल ट्रेनिंगची, म्हणजे शिकलेलं काम प्रत्यक्ष करण्याची, मुभा मिळू शकते. एफ-1 वर ती साधारणपणे बारा महिन्यांपर्यंत जाते, पण तो व्हिसा पदवी किंवा तत्सम शैक्षणिक अभ्यासक्रमासाठी असतो. म्हणून फी भरण्याआधी संस्थेला विचार, की ती कोणत्या व्हिसाचा फॉर्म देते. उत्तर लेखी घे. ब्रोशरमधल्या हसऱ्या चेहऱ्यांवर तासांचं गणित मांडू नकोस.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. वर्क परमिटची प्रक्रिया कंपनीने करायची असते. "आधी पर्यटक म्हणून या, मग बदलून घेऊ" असं कुणी म्हटलं, तर तिथेच थांब. त्यासाठी कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवून दे.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू असावा. वैमानिकांच्या इंग्रजी चाचणीत तुझी लेव्हल फोर असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा चाचणी येते, ती तारीख मेडिकलच्या तारखेशेजारी लिहून ठेव. पूर्वी एखादा व्हिसा नाकारला गेला असेल तर अर्जात तो लपवू नकोस. नकारानंतरही व्हिसा मिळू शकतो, पण खोटं बोलल्याची नोंद वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

संस्थेचं लेखी उत्तर आलं की मला पाठव. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेण्याआधी ते एकदा शेजारी बसून वाचू.

तुझा,
कॅप्टन काका