सिंहगडाचा डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांसारखा का दिसतो?

अहो, त्यातली एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा थर आहे! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इकडं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा आला, पसरला, थंड झाला, मग त्यावर पुढचा, असं लाखो वर्षं चाललं. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट तो हाच, पुण्यातलं पाताळेश्वर लेणंपण ह्यातच कोरलंय. कडक थराचा उभा कडा राहतो, मऊ थर पावसानं झिजून उतार होतो, म्हणून पायऱ्या.

गड चढताना कातळ जरा जवळून बघा, बारीक भोकं दिसतील, ती लाव्हातल्या गॅसच्या बुडबुड्यांची, काहींत पांढरे स्फटिक भरलेत. मी दरवेळी हात लावून बघतो, अंगावर काटाच येतो. फक्त फोडून घरी नेऊ नका प्लीज.