ड्रायव्हर ठरवताना आधी पिटकडे बघा

आठ मुलांच्या रोबोटिक्स टीममधून ड्रायव्हर कसे निवडायचे, असं तुम्ही विचारलंय. आठ मुलांची टीम, गेमपॅड (रोबो चालवायचे रिमोट) दोन, आणि "रोबो आम्ही बांधला, आम्हीच चालवणार" म्हणणारे पाच जण! तुमचा प्रश्न वाचून आमचं एफटीसीचं (फर्स्ट टेक चॅलेंज या रोबोटिक्स स्पर्धेचं) पहिलं वर्ष आठवलं.

चाचणी घ्या, वेळ मोजा हे कुणीही सांगेल. आम्हाला नडलं ते वेगळंच. स्पर्धेच्या तोंडावर शाळेच्या एका समितीने फर्मान काढलं की प्रत्येकाला गेमपॅड मिळालाच पाहिजे. पालकांची कुरकुर नको, एवढंच कारण. यादीही त्यांनीच केली, हजेरीपटाच्या क्रमाने. आम्ही मेंटर मंडळी बोलायला गेलो तर "मुलांना शिकू द्या, जिंकण्याचं काय एवढं" असं ऐकवलं. शिकणं कसलं? ज्या मुलाने आयुष्यात फक्त कॅड (संगणकावर रोबोचं डिझाइन) केलं, त्याच्या हाती मेकॅनम चाकांचा, म्हणजे आडवाही सरकणारा रोबो. रोबोचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, हे त्याला मैदानात कळलं. (फील्ड-सेंट्रिक कोडने, म्हणजे रोबोचं तोंड कुठेही असो, दिशा मैदानाच्या हिशेबाने धरणाऱ्या कोडने हा त्रास वाचतो, पण रोबो किती वळला ते सांगणाऱ्या आयएमयू सेन्सरचा शून्य चुकला तर तेही भरकटतं.) त्याहून वाईट म्हणजे लिफ्टचा एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) भलतेच आकडे देऊ लागला तेव्हा कोड लिहिणारी मुलगी पिटमध्ये, म्हणजे मॅचच्या मध्ये रोबो दुरुस्त करायच्या जागी, नव्हतीच. यादीप्रमाणे ती पुढच्या मॅचच्या रांगेत उभी होती. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: पिटमध्ये ज्याच्यावाचून अडतं, त्याला ड्रायव्हर करू नका, मग तो कितीही चांगला चालवो. आणि ड्रायव्हर एकेकटे निवडू नका, जोडी निवडा. एकाकडे चाकं, दुसऱ्याकडे लिफ्ट आणि क्लॉ (वस्तू पकडणारा पंजा). टेलिऑपच्या, म्हणजे गेमपॅडने रोबो चालवायच्या, दोन मिनिटांत दोन शब्दांत एकमेकांचं कळलं पाहिजे. मॅचमध्ये ड्रायव्हरांना सूचना देणारा कोच म्हणून सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा नको. घड्याळ आणि अलायन्समधला (आपल्या बाजूने खेळणाऱ्या जोडीदार टीमचा) दुसरा रोबो यांच्यावर ज्याची नजर राहते, तो हवा.

समान संधीला माझा विरोध नाही. व्हेक्स आयक्यू या दुसऱ्या रोबोटिक्स स्पर्धेत ती नियमातच आहे: ६० सेकंदांची मॅच, दोन ड्रायव्हर, कुणीही ३५ सेकंदांहून जास्त चालवायचं नाही. तिथे दोघांचाही सराव आपोआप होतो. एफटीसीत राखीव जोडी तयार ठेवा आणि सराव सामने तिला द्या. ड्रायव्हरची जागा थोडक्यात हुकलेल्या मुलाला स्काउटिंग (इतर टीमचे रोबो बघून नोंदी ठेवणं) द्या. दुसऱ्याचा रोबो कुठे अडखळतोय हे त्याला पटकन दिसतं. नाराज पालकांना सांगा की इन्स्पायर अवॉर्ड, म्हणजे एफटीसीतलं परीक्षकांचं सगळ्यात मानाचं बक्षीस, परीक्षकांसमोरच्या मुलाखतीवर आणि पोर्टफोलिओवर (टीमच्या कामाच्या लेखी नोंदीवर) ठरतो, गेमपॅडवर नाही.

अर्थात हा आमच्या टीमचा अनुभव. चारच मुलं असतील तर यातलं निम्मं लागू नाही, आणि नियम दर मोसमात बदलतात, यंदाचं मॅन्युअल वाचाच.

जाता जाता, गेमपॅडची यूएसबी केबल ओढ बसून सुटते. परत जोडल्यावर पहिल्या ड्रायव्हरने स्टार्ट आणि ए, दुसऱ्याने स्टार्ट आणि बी ही बटणं एकदम दाबायची, हे सरावात मुद्दाम केबल उपटून घोटून घ्या.