‘आज उशीर झाला’ म्हणणारं कुणीतरी

*मावशी, मी ३८ वर्षांची, लग्न केलेलं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहते. कंपनी मला तीन वर्षांसाठी अमेरिकेत फिनिक्सला पाठवतेय, ऑफिस तिथल्या चँडलर भागात आहे. पुढच्या महिन्यात निघायचंय आणि घर कुठल्या एरियात घ्यावं तेच ठरत नाहीये. ऑफिसमधले म्हणतात चँडलरच बघ, आपले लोक आहेत, इंडियन ग्रोसरी आहे. दादा म्हणतो भाडं जास्त पडलं तरी चालेल पण गेटवालं अपार्टमेंट घे. मैत्रीण म्हणते सिंगल आहेस तर स्कॉट्सडेलला राहा, तिथे लाइफ आहे, कुणीतरी भेटेल तरी. मी एक्सेल केलंय, नऊ एरिया, चौदा कॉलम, भाडं, क्राइम, ऑफिसचं अंतर, रिव्ह्यू, सगळं. तरी काही कळत नाही. इथलं म्हणाल तर सोडून जाताना जीव तुटावा असं काही नाहीये, सोसायटीत कुणाकडे येणंजाणं नाही, सकाळी सव्वासहाला कालव्यावर चालायला जाते, तिथे पुलाच्या कठड्यावर एक आजोबा बसलेले असतात, मला पाच मिनिटं जरी उशीर झाला तरी ‘आज उशीर झाला’ म्हणतात, तेवढंच. एकट्या बाईने अशा वाळवंटातल्या शहरात कुठे राहावं म्हणजे एकटं वाटणार नाही?*

तेवढंच?

अगं, चौदा कॉलम केलेस आणि ज्याचा पंधरावा कॉलम करायला हवा होता ते ‘तेवढंच’ म्हणून एका ओळीत उरकून टाकलंस. मला तुझ्या भाड्याच्या आकड्यांत रस नाही, ते तू माझ्यापेक्षा चांगले बघशील. मी त्या कठड्यावरच्या आजोबांपाशी अडकलेय. एका माणसाला तुझी वेळ पाठ आहे, तू पाच मिनिटं मागे पडलीस तर त्याच्या लक्षात येतं, तो ते बोलून दाखवतो, आणि तू म्हणतेस इथे सोडून जाण्यासारखं काही नाही. रागच आला मला वाचताना, खरं सांगते.

तुला वाटत असेल मावशी भावनेच्या भरात बोलतेय, म्हणून माझंच सांगते. आमचे हे गेले त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता. मुलगी बंगळुरात, तिला रोज रात्री ‘बरंय गं’ असं फोनवर सांगत होते, आणि तिसऱ्या दिवशी मला पलंगावरून उठून पाणी घ्यायचं सुद्धा त्राण नव्हतं. बेल वाजली, वाजतच राहिली. भिंतीला धरत धरत दार उघडलं तर खाली इस्त्रीची गाडी लावतो तो मुलगा. म्हणाला, काकू, तुमचा निळा टॉवेल तीन दिवस गॅलरीत पावसात भिजतोय, तुम्ही कधी असा ठेवत नाही. एवढंच बघून तो वर आला होता. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या होत्या. आमच्या बिल्डिंगला गेट आहे, वॉचमन आहे, कॅमेरे आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकशे चाळीस माणसं आहेत, पण मान वर करून माझ्या दोरीकडे बघणारा तो एकटा होता. आणि त्यानं का बघितलं? तर मी रोज सकाळी त्याच्या गाडीपाशी दोन मिनिटं उभी राहायचे म्हणून.

आता तुझं फिनिक्स. तिथला उन्हाळा आपल्यासारखा ‘यंदा फार तापलंय’ म्हणून सोडून देण्यातला नाही. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला, आणि त्यातल्या १६ रात्री लागोपाठ अशा गेल्या की पहाटेसुद्धा ३२ च्या खाली उतरला नाही, कारण दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर धग सोडत बसतं. त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्यात येतं त्या जिल्ह्यात, उष्णतेनं ६४५ माणसं गेली. बरीचशी रस्त्यावर राहणारी होती, पण काही आपापल्या घरात गेली, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत एसी होता, फक्त चालू नव्हता. मी हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, तू पगारदार आहेस, तुझा एसी बिघडला तर दुरुस्त होईल. पण एकट्या माणसानं तिथे घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो की मी दोन दिवस दिसले नाही तर कुणाच्या लक्षात येईल? क्राइमच्या कॉलममध्ये याचं उत्तर मिळत नाही.

आणि अशा शहरात ते लक्षात येणं अवघड असतं, कारण माणसं दिसतच नाहीत. रिमोटनं गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत, दार खाली, संपलं. शेजारच्याचं तोंड महिनोन्महिने दिसत नाही, दिसते ती गाडी. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. म्हणजे दिवसाचे चोवीस तास जरी तू त्या एरियात राहिलीस तरी एरियाची आणि तुझी गाठ पडणारी वेळ एकच, पहाटेची. जूनमध्ये तिथे सव्वापाचच्या सुमाराला सूर्य उगवतो, त्याच्या थोडं आधी आणि नंतर तासभर माणसं घराबाहेर असतात, कुत्री घेऊन, सायकल घेऊन, नुसती चालत, आणि मग पुन्हा सगळं आत.

ती माणसं कुठे असतात माहितीय? कालव्यावर.

हो, कालव्यावर. तुझ्या नऊ एरियांत आणि चौदा कॉलमांत हे कुठेच नाही म्हणून मला आश्चर्य वाटलं. फिनिक्सच्या पोटातून दोनशे किलोमीटरच्या वर कालवे जातात, आणि त्यांच्या दोन्ही काठांवरनं लोक चालतात, पळतात, सायकली मारतात. हे कालवे कुणाला नव्यानं सुचलेले नाहीत. होहोकम नावाचे तिथले जुने शेतकरी लोक शेकडो वर्षांपूर्वी त्या वाळवंटात हातानं कालवे खणून पाणी फिरवत होते, मग ती वस्ती ओस पडली, कालवे बुजले, आणि १८६७ च्या सुमाराला जी नवी माणसं आली त्यांनी तेच कालवे उपसून पुन्हा पाणी सोडलं. जुन्या वस्तीच्या अवशेषांतून गाव पुन्हा उभं राहिलं म्हणून त्याला राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव दिलं. तिथला ग्रँड कॅनॉल १८७८ चा. आपलं खडकवासल्याचं धरण, ज्याच्या पाण्याच्या कडेनं तू रोज चालतेस, तेही साधारण त्याच सुमाराचं आहे. तू एका कालव्यावरून उठून दुसऱ्या कालव्यावर चालली आहेस बाई, आणि मला विचारतेस वाळवंटात कुठे राहू.

तर माझं सांगणं एकच आहे. आधी कालवा निवड, मग एरिया. चँडलरच्या ऑफिसपासनं फार लांब न जाता शेजारच्या टेंपे शहरात बघ, वेस्टर्न कॅनॉलच्या आसपास, किवानिस पार्क म्हणून मोठी बाग आहे तिच्या बाजूला. कालव्याची वाट त्या बागेला लागूनच जाते. घरापासून कालव्यापर्यंत चालत दहा मिनिटांच्या वर लागत असतील तर ते घर सोडून दे, कितीही छान किचन असलं तरी, कारण अकराव्या मिनिटाला तू गाडी काढशील आणि गाडीनं चालायला जाणारं माणूस महिन्याभरात जायचं बंद होतं. चँडलरमध्ये पण कालव्याच्या कडेनं वाट आहे हे मला माहितीय, तिथे त्या वाटेला खेटून काही मिळालं तर माझी हरकत नाही, पण ‘आपले लोक’ आहेत म्हणून घेऊ नकोस. आपले लोक शनिवारी जेवायला बोलावतात, प्रेमानंच बोलावतात, तू जा, गणपतीला जा, दिवाळीला जा, डबा भरून आण. पण मंगळवारी सकाळी तू दिसली नाहीस तर ते त्यांना शनिवारी कळेल.

मैत्रिणीच्या स्कॉट्सडेलबद्दल मला फार बोलायचं नाही. ‘कुणीतरी भेटेल’ म्हणून माणसानं घर भाड्यानं घेऊ नये. भेटायचं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून पण भेटेल. आणि दादाच्या गेटबद्दल मी वर सांगितलंच, माझ्याकडे गेट होतं.

एक गोष्ट मात्र तुला प्रत्यक्ष बघायला सांगते, नुसतं चालत जाऊन बघ, तिथे घर मिळेल न मिळेल. टेंपेत मेपल आणि अ‍ॅश या रस्त्यांच्या भागात जुनी घरं आहेत, आणि फिनिक्समध्येही काही जुन्या वस्त्या अशा आहेत, तिथे अजून कालव्याचं पाणी पाळीनं अंगणात सोडतात. आपल्याकडे ऊसाला पाट सोडतात ना, अगदी तसंच. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी घराची पाळी येते, कधी ती रात्री दोनला असते, तेव्हा उठून झडप उघडायची, अंगणाला चारी बाजूंनी बांध असतो, घोट्याएवढं पाणी साठतं आणि हळूहळू मुरतं. म्हणून तिथली झाडं मोठी आहेत आणि सावली आहे, डांबराच्या मोकळ्या मैदानात बांधलेल्या नव्या अपार्टमेंटपेक्षा तिथे उन्हाळा जरा सुसह्य होतो. पण मला त्यातलं सावलीपेक्षा पाळी जास्त आवडते. शेजारच्याची पाळी कधी संपते ते माहीत असल्याशिवाय तुझी सुरू होत नाही, म्हणजे मध्यरात्री का होईना, शेजारी कोण राहतं ते कळतंच.

कालव्याच्या काठावर मात्र अशी सावली धरून चालू नकोस. पूर्वी झाडं होती, ती बरीचशी गेली. मातीचा किंवा काँक्रीटचा उघडा काठ आहे, सूर्य वर आला की भाजतो. पाण्याची बाटली घेऊन उजाडायच्या आत निघायचं आणि सात वाजायच्या आत परत. तुला लवकर उठायची सवय आहे, ही तुझी मोठीच जमेची बाजू आहे तिथे.

आणि पुण्यात बसून फोटो बघून वर्षाचं लीज सही करू नकोस. हे मी अगदी हात जोडून सांगते. कंपनीला म्हण, पहिला महिना तात्पुरती सोय करून द्या, जे देतात ते घे, त्यात लाजायचं काही नाही. त्या महिन्यात रोज पहाटे चालत जा. आठवडाभर एक वाट, मग दुसरा आठवडा दुसरी. बघत राहा की तीच तीच माणसं त्याच वेळेला दिसतात का, कुणी मान हलवतं का, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी ‘मॉर्निंग’ म्हणतं का. जिथे म्हणतील तिथे घर बघ. तू आधी म्हण, ते म्हणतील याची वाट बघत बसू नकोस, आपण पुणेकर यात जरा कमी पडतो आणि तू तर सोसायटीत दोन वर्षं कुणाकडे गेलेली नाहीस.

ते दोन वर्षांचं मला कळलंय बरं का. आई गेल्यापासून तू दार लावून घेतलंयस आणि आता विचारतेस कुठल्या एरियात एकटं वाटणार नाही. एरिया बदलला तरी दार तूच लावणार आहेस ना. म्हणून पहिलं काम फिनिक्समध्ये नाही, इथेच आहे, आणि ते उद्याच करायचंय.

तू पत्रात त्या आजोबांचं नाव लिहिलं नाहीस, म्हणजे मला वाटतं तुला ते माहीत नाही. तू जाणार आहेस हेही त्यांना सांगितलं नसशील. मग काय होईल सांगू? पुढच्या महिन्यात एका सकाळी सव्वासहा होतील, सहा वीस होतील, साडेसहा होतील, ते पुलाच्या त्या टोकाकडे बघत बसतील. दुसऱ्या दिवशी पण बघतील. आठ-दहा दिवस बघत राहतील, आणि मग त्यांच्या वयाची माणसं जे समजतात ते समजून गप्प बसतील. असं करू नकोस गं त्यांच्याशी.

उद्या दहा मिनिटं लवकर नीघ. कठड्यावर त्यांच्या शेजारी बस, पाऊस असला तर छत्री धर दोघांच्या डोक्यावर. नाव विचार. अमुक तारखेपासून मी येणार नाही, परगावी चाललेय, तीन वर्षांनी येईन असं सांग. त्यांचा नंबर घे. अ‍ॅरिझोनात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे बाराही महिने तिथले पहाटेचे पावणेसहा म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे सव्वासहा. तिथल्या कालव्यावर पहिल्या दिवशी पोचलीस की त्यांना फोन लाव, कुठपर्यंत पाणी आहे ते सांग, त्यांना कालव्याचं कळतं.

मग मला लिही. नाव नको कळवूस, विचारलंस एवढंच कळव.