युरिया जास्त पडून लॉन जागोजागी करपलंय, वाचेल का?

बहुतेक वाचेल, पण पाणी आजच द्या, उद्यावर ढकलू नका. युरियात ४६ टक्के नत्र असतं. मूठभर एकाच जागी पडला की तिथलं पाणी इतकं तीव्र होतं की मुळांना ते ओढता येत नाही, उलट मुळांतलंच पाणी बाहेर खेचलं जातं. म्हणून पाती टोकाकडून वाळत येतात. आधी वर दिसणारे पांढरे दाणे खराट्याने हलकेच गोळा करा. मग आठवडाभर रोज सकाळी भरपूर पाणी सोडा, म्हणजे खत मुळांच्या खाली उतरेल. काळी चिकण माती असेल तर एकदम पाणी तुंबवू नका, थोडं मुरू द्या आणि पुन्हा द्या.

करपलेल्या जागेतला एक झुबका उपटून बघा. बुडखा पांढरट, टणक असेल तर जीव आहे. हरळीचं लॉन असेल तर आजूबाजूचे धावते फुटवे काही आठवड्यांत जागा भरून काढतात. बुडखा तपकिरी होऊन सहज तुटत असेल तर मात्र तो तुकडा गेला. तिथली दोन-तीन इंच माती बदलून नवे फुटवे लावा. नवी वाढ नीट दिसेपर्यंत कुठलंही खत नको, शेणखतसुद्धा नाही.