रात्रपाळीतली साक्ष

प्रश्न : आम्ही नऊ वर्षांपासून परदेशात राहतो. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि महिन्यातले निम्मे रविवार कामावरच जातात. आमचे पाळकसाहेब उपदेशात वारंवार सांगतात की, प्रत्येक ख्रिस्ती माणूस हा मिशनरी आहे. मी मात्र इतक्या वर्षांत एकालाही येशूची सुवार्ता सांगितलेली नाही, कारण कामाच्या ठिकाणी आपणहून धर्माविषयी बोलण्यास मनाई आहे. त्यातच तेरा वर्षांच्या मुलीने परवा विचारले, "चर्चला जाऊन आपल्यात काय फरक पडतो?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : प्रिय भगिनी,

ज्या कामामुळे आपला रविवार हुकतो, ते काम सुवार्तेच्या आड येते असे आपण धरून चालला आहात, आणि आपल्या मनावरचे बरेचसे ओझे त्या समजुतीचेच आहे असे मला वाटते. बायबलच्या नव्या करारात परदेशी राहणाऱ्या एका दांपत्याची हकिकत तुकड्यातुकड्यांनी आली आहे. ती एकत्र करून वाचावी, अशी माझी आपल्याला पहिली विनंती आहे. अक्विल्ला हा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतात जन्मलेला यहूदी. तो पत्नी प्रिस्किल्ला हिच्यासह रोममध्ये राहत असता, इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला आणि या दोघांना करिंथ गाठावे लागले. तेथे ती राहुट्या करण्याचा आपला व्यवसाय करीत असताना, तोच व्यवसाय जाणणारा प्रेषित पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे ती इफिसला गेली, तेव्हा तेथील मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, त्यांच्या घरी जमत असे. आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात ती पुन्हा रोममध्ये दिसतात, तेव्हाही मंडळी त्यांच्याच घरी आहे. तीन शहरे, तीन बिऱ्हाडे, आणि हाताला काम तेच. त्यांच्या नावावर एकही उपदेश नोंदलेला नाही. अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याचे ज्ञान अपुरे आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी त्याला चारचौघांत अडवले नाही, तर आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. मिशन कार्याचा हा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला व्यासपीठ लागत नाही; कष्टाचे हात आणि माणसाला आत घेणारे घर एवढे त्याला पुरते.

आता आपल्या रात्रपाळीकडे येऊ. पहाटे तीन वाजता चौथ्यांदा घंटा वाजवणाऱ्या रुग्णाकडे आपण ज्या चेहऱ्याने जाता, औषध देताना स्वतःकडून झालेली चूक आपण होऊन वरिष्ठांना सांगता की झाकता, ज्या सहकाऱ्याबरोबर पाळी करायला कोणी राजी नसते त्याच्याशी कसे वागता, पाठीमागे चाललेल्या निंदेत भर घालता की विषय बदलता, हे सारे साक्षीतच, म्हणजे आपला विश्वास वागण्यातून दाखवण्यातच, मोडते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होते; १६९१ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वयंपाकघरातील कामाची त्यांना मुळात नावड होती, तरी ते काम त्यांनी अनेक वर्षे केले आणि भांड्यांच्या गलबल्यातही देवाच्या सान्निध्यात राहण्याची सवय स्वतःला लावून घेतली. वॉर्डाचे दार उघडण्यापूर्वी मनातल्या मनात एका वाक्याची प्रार्थना करणे आपल्यालाही अवघड जाणार नाही.

बोलण्यावरील मनाईचे दुःख आपण फार करू नये. रुग्ण आपल्यावर अवलंबून असतो. अशा माणसापुढे स्वतःहून विश्वासाचा विषय काढला, तर नको म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला उरत नाही, म्हणून तो नियम मला योग्यच वाटतो. रुग्णाने स्वतः प्रार्थनेची इच्छा व्यक्त केली, तर रुग्णालयाच्या नियमांत बसेल त्या मार्गाने त्याच्या पसंतीच्या धर्मगुरूंना बोलावण्याची व्यवस्था करावी. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आपल्या आशेचे कारण कोणी विचारले असता उत्तर देण्यास सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असे सांगितले आहे. तेथे विचारणे आधी येते आणि उत्तर नंतर. परदेशातील माझ्या पहिल्या वर्षी मी सहकाऱ्यांच्या मेजांवर पत्रके ठेवीत असे. त्यांपैकी एकाची आई त्याच काळात अत्यवस्थ होती आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती. हे कळल्यावर मला जे वाटले, ते आजही विसरता आलेले नाही. त्यानंतर मी आधी विचारपूस करायला शिकलो.

आणखी एक गोष्ट मी अनेक घरांत पाहिली आहे. "अजून दोन-तीन वर्षे, मग परत जायचेच आहे," या हिशेबात शेजाऱ्यांची नावेही माहीत होत नाहीत आणि स्थानिक मंडळीत आपण कायमचे पाहुणेच राहतो. बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवले ते नेमके या वृत्तीविरुद्ध होते : घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. आपल्या इमारतीत एकटे राहणारे कोणी वृद्ध असतील, नुकतेच आलेले आणि भाषा न येणारे एखादे कुटुंब असेल, तर सुरुवात तेथून करता येईल. मात्र मदतीला कोणतीही अट जोडू नये. तो माणूस कधीही चर्चमध्ये आला नाही, तरी मदत पूर्वीइतकीच चालू राहिली पाहिजे.

मुलीच्या प्रश्नाने आपण घाबरून जाऊ नये, असे मी कळकळीने सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये; मधली पाच वर्षे त्या घराने किती सोसले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पतीची श्रद्धा त्यांना आयती मिळाली नाही, त्यांनी ती आपल्या पावलांनी गाठली. आपल्या मुलीलाही ती वाट चालू द्यावी. रविवार मोकळा नसेल तर आठवड्यातील दुसरी एखादी संध्याकाळ ठरवून दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना ठेवावी, तिला ज्या भाषेत बोलणे सोपे जाते त्या भाषेत तिला बोलू द्यावे, आणि तिच्या शंकांना लगेच बायबलमधील वचनाचा आधार काढून गप्प करू नये. फरक काय पडतो, याचे उत्तर म्हणून तिला एखाद्या रात्रपाळीची हकिकत सांगावी : कोणत्या क्षणी आपला राग अनावर होत होता, आपण काय प्रार्थना केली आणि नंतर काय झाले. प्रार्थना करूनही राग ओसरला नाही अशी एखादी रात्र असेल, तर तीही तिला सांगावी.