पहिल्या पगाराची सिमेंटची गोणी

प्रिय पोरी,

परसातल्या मूर्तींचे फोटो मिळाले. नोकरी सोडू का, आणि प्रदर्शनवाले मूर्ती मागताहेत त्या देऊ का, असं विचारलं आहेस. त्याआधी त्या घागरवाल्या बाईचा गुडघा बघ. केसाएवढी चीर आहे आणि कडेला तांबूस डाग. आतली सळी गंजते आहे. गंजलं की लोखंड फुगतं आणि सिमेंट फोडतं. सळीवर निदान इंचभर सिमेंट-वाळूचा माल हवा, आणि मूर्ती झाली की सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून पाणी मारत राहायचं. माझी पहिली चार कामं मी उन्हात तशीच सोडली होती. दोन पावसाळ्यांत गेली. अजून जीव हळहळतो.

आता नोकरीचं. फिनलंडमध्ये रशियाच्या सीमेजवळ पारिक्काला नावाचं गाव आहे. तिथला वेइयो र्‍योंक्योनेन (१९४४–२०१०) कागदाच्या गिरणीत कामाला होता. पहिल्या पगारात त्याने सफरचंदाची रोपं आणि सिमेंटची एक गोणी आणली, असं सांगतात. शिल्पकला शिकवणारं कोणी नव्हतं. गिरणीतली नोकरी सांभाळून त्याने घरच्या बागेत ५०० हून जास्त पुतळे उभे केले.

त्यातले २०० हून जास्त योगासनं करणारे आहेत, आणि ती आसनं तो स्वतः करायचा. हे मला फार मोलाचं वाटतं. तुझ्या बसलेल्या म्हाताऱ्याची मांडी फोटोवरून केलेली दिसते. तसं जमिनीवर बस, पाय भरून येईपर्यंत बस. टाच कुठे रुतते, पाठ कुठे वाकते ते अंगाला कळू दे, मग थापीला हात लाव.

त्याच्या काही पुतळ्यांच्या तोंडात माणसाचे खरे दात आहेत. बघणारा दचकतो. पण झाडीत, शेवाळ धरलेल्या त्या चेहऱ्यांवर ते शोभतात. दिव्यांच्या दालनात शोभले नसते. पुतळे प्रदर्शनाला मागितले तेव्हा, त्यांना विचारून सांगतो, म्हणाला, आणि नंतर कळवलं की त्यांना प्रवास करायचा नाही. बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेत नसे, वहीत नाव मात्र लिहायला लावायचा. २००७ मध्ये त्याला फिनलंडचा मोठा कलापुरस्कार मिळाला, तोही याच बागेसाठी.

म्हणून नोकरी इतक्यात सोडू नकोस. प्रदर्शनवाल्यांना म्हातारा दे हवा तर, घागरवाली देऊ नकोस. ती विहिरीकडे बघते आहे, तिथून हलली तर नुसती सिमेंटची बाई उरेल.

पाऊस यायच्या आत चीर छिन्नीने उघड, सळी तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड लाव, मग माल भर. गुडघ्याचा फोटो पाठव, जवळून काढलेला.