सत्तेचाळिसाव्या वर्षी जर्मनीला येताय? पगाराआधी हे विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, चाकण-पिंपरीत २२ वर्षं नोकरी, पीएफ पहिल्यापासून. आता स्टुटगार्टजवळच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे. तिथली कंपनी पेन्शन किती भरवशाची, आणि पंचावन्नच्या पुढे माणसाला सुखानं काम करू देतात का?

मी याच भागात, याच धंद्यात आहे आणि साठी दिसायला लागली आहे. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. उतारवयात कुणी समोर कागद ठेवून 'सही करा' म्हटलं, तर नाही म्हणायची ताकद पेन्शनच्या हिशोबातून येते. आणि तो हिशोब बराचसा ऑफर लेटरवर सही करतानाच ठरलेला असतो.

आधी सरकारी पेन्शन. त्यासाठी पगाराचे १८.६ टक्के भरले जातात, निम्मे तुमचे, निम्मे कंपनीचे. देशातल्या सरासरीइतका पगार असेल तर वर्षाला एक गुण मिळतो, आणि जुलै २०२५ मध्ये एका गुणाचा दर महिन्याला ४०.७९ युरो झाला. तुमचा पगार सरासरीच्या दीडपट धरला, तरी ६७ व्या वर्षापर्यंत ३० गुण. म्हणजे त्या दरानं महिन्याला सव्वाबाराशे युरो, त्यातून आरोग्यविमा आणि कर वजा. स्टुटगार्टचं घरभाडं भरून यात नवरा-बायकोचं भागवणं कठीण आहे. इथे जन्मलेल्या सहकाऱ्यांच्या गाठीशी चाळीस-पंचेचाळीस वर्षं असतात. त्यांच्यासाठी कंपनी पेन्शन ही वरची साय असेल, आपल्यासाठी ती भाकरी आहे.

पीएफबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. तुमच्या तिकडच्या विमा वर्षांनी इथली रक्कम वाढत नाही, पण पात्रता मोजताना ती वर्षं धरतात. ३५ वर्षं भरली की ६३ व्या वर्षी निवृत्त होता येतं. १६ वर्षं इथली आणि २२ तिकडची, म्हणजे तुम्ही पार. कपात आहेच: जितके महिने आधी निवृत्त व्हाल त्या प्रत्येक महिन्यामागे ०.३ टक्के, तुमच्या पिढीला ४ वर्षांची १४.४ टक्के, आणि तीही कायमची. तरीही तो दरवाजा उघडा असणं मोलाचं. म्हणून ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, स्कीम सर्टिफिकेट आणि जुन्या नोकऱ्यांचे सगळे कागद निघण्याआधी गोळा करा. तिथली पेन्शन काही हजार रुपयेच असेल, त्या वर्षांची किंमत इथे आहे.

आता कंपनीची पेन्शन. कंपनी स्वतःच्या पैशातून देत असेल तर तो हक्क तीन वर्षांनी पक्का होतो. त्याआधी नोकरी सुटली तर बहुधा काही नाही. स्वतःच्या पगारातून वळवलेली रक्कम पहिल्या दिवसापासून तुमची. तिच्यावर कंपनीला साधारण १५ टक्के भर घालावी लागते, पण कंपनीचा सामाजिक विम्याचा हिस्सा वाचत असेल तेवढ्यापुरतीच. एच.आर.ला विचारायचं ते हे: पैसे कंपनीचे की माझे, आणि योजना कोणत्या प्रकारची? कंपनीनं थेट स्वतःच्या ताळेबंदातून दिलेलं वचन असेल तर दिवाळखोरीत पेन्शन्स-झिशरुंग्स-फेराइन नावाची संस्था ती पेन्शन चालू ठेवते. गाड्यांच्या धंद्याची आजची हालत पाहता हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आणि या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न, जो आपल्याकडून येणारा जवळपास कुणीच विचारत नाही: करार टॅरिफमधला की टॅरिफबाहेरचा? टॅरिफ म्हणजे कामगार संघटना आणि मालकांनी मिळून केलेला सामूहिक करार. या भागातल्या मेटल उद्योगाच्या टॅरिफ करारात वयाची ५३ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कंपनीत किमान ३ वर्षं असलेल्या माणसाला नेहमीच्या नोटिशीनं काढता येत नाही, त्यासाठी गंभीर कारण लागतं. तुम्ही ५३ व्या वर्षी त्यात बसाल. टॅरिफबाहेरच्या हुद्द्याला पगार जास्त आणि कार्डावर भारदस्त नाव असतं, पण हे कवच बरेचदा नसतं. आपल्या लोकांना हुद्द्याचा मोह फार.

काढता येत नाही, म्हणूनच मग दबाव येतो. तो आरडाओरड्याचा नसतो. आधी प्रोजेक्ट तरुण सहकाऱ्याकडे जातो, मग दर आठवड्याला अहवाल द्यावा लागतो, मग एक दिवस 'जरा बोलू या' म्हणून बोलावणं येतं. कॉफी असते, सौजन्य असतं, आणि परस्परसंमतीनं नोकरी संपवण्याचा करार असतो, आउफहेबुंग्सफेरट्राग. मलाही तो दाखवला गेला. भरपाईचा आकडा ठळक छापलेला असतो. छापलेलं नसतं ते असं: स्वतःहून सही केली म्हणून बेकारभत्ता साधारणपणे १२ आठवडे रोखला जातो आणि एकूण मुदतीतला पाव हिस्सा उडतो. अठ्ठावनच्या पुढे २४ महिन्यांचा हक्क असेल तर त्यातले ६ महिने गेले. शिवाय नोकरीविना गेलेल्या वर्षांचे पेन्शनचे गुण कमी, आणि कंपनी पेन्शनमधली भरही थांबते. मी कागद घरी आणला, बेट्रीब्सराटला, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या परिषदेला दाखवला, आणि हे सगळं मांडून बेरीज केली. भरपाई त्या खड्ड्याच्या निम्मीही भरत नव्हती. मी अजून कामावर आहे. आठवड्याचे अहवालही अजून लिहिते, कंटाळवाणे असतात.

नोटीस हातात पडलीच, तर कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे असतात. त्या काळात पुण्याला जाऊन बसू नका.

आरोग्यविम्याचं एका वाक्यात: खाजगी विम्याचा हप्ता आत्ता स्वस्त दिसला तरी सरकारी घ्या, पंचावन्ननंतर खाजगीतून परत येणं जवळपास अशक्य आहे.

तुम्ही ४५ च्या पुढचे आहात. साध्या कुशल कामगार व्हिसावर येणार असाल तर पगाराची किमान अटही लागेल, २०२५ मध्ये ती वर्षाला ५३,१३० युरो होती, किंवा म्हातारपणाची पुरेशी सोय दाखवावी लागते.

आल्यावर पहिल्याच महिन्यात आयजी मेटाल या कामगार संघटनेचं सदस्यत्व घ्या. पगाराचा एक टक्का जातो, आणि त्यांची कायदेशीर मदत सदस्यत्वाला तीन महिने झाल्यावरच मिळते.